घरशाळा सुरू करताय? आधी पोळ्यांचं बघा

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं, त्याच आठवड्यात मी अठराशे रुपयांचं सामान आणलं. लाकडी ठोकळे, फ्लॅशकार्डं, भिंतीवर लावायचे तक्ते आणि फोनवर भेटलेल्या एका क्लासवाल्याचं ‘होमस्कूल किट’. किटमध्ये निघालं काय, तर नेटवर फुकट मिळणाऱ्या पानांच्या झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग करून. ठोकळ्यांचा धाकट्याने रस्ता केला आणि त्यावरून काडेपेटीच्या गाड्या चालवल्या, तेवढीच काय ती वसुली.

आज तीन वर्षांनी आमचा या सगळ्यावरचा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या आसपास आहे. त्यातले पंधराशे पोळ्यांच्या मावशींना जातात. नवीन पालकांना हे सांगितलं की ते हसतात. पण साडेदहा ते बारा ही आमच्या थोरलीच्या डोक्याची सगळ्यात ताजी वेळ, आणि बरोबर त्याच वेळी मी कणीक मळत असायचे. तिने विचारायचं, “आई, ‘ऊ’ मोठा का?” आणि मी म्हणायचं, “थांब, तवा तापलाय.” असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. तेव्हा लक्षात आलं की कमतरता साहित्याची नाही, माझ्या मोकळ्या दीड तासाची आहे. तुमच्या घरी तो दीड तास कुठे अडकलाय ते आधी शोधा. पाणी भरण्यात असेल, डब्यांत असेल, ऑफिसच्या कॉलमध्ये असेल. हातात थोडे पैसे असतील तर ते तिथे घाला. नसतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाशी कामाची अदलाबदल करा. खेळणी, तक्ते, अॅप हे सगळं नंतर.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला तुमच्या मापाने घेता येईल. नवी मुंबईत कोपरखैरण्यात वन रूम किचन. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. नवरा टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, कंपनीत शिफ्टला. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वर्षातले सहा महिने सासूबाई साताऱ्याहून येऊन राहतात. इंग्रजी माध्यमाची फी, व्हॅन, युनिफॉर्म जमेना म्हणून आम्ही या वाटेला लागलो, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं. पालिकेची शाळा फुकट होतीच. थोरली शाळेत जायला लागल्यावर बोलायचीच बंद झाली होती, हे दुसरं अर्धं.

पहिली पायरी: कायद्याचं आणि कागदाचं

हे कंटाळवाणं आहे, पण आधी हेच करा.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घातल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला परवानगी आहे असंही त्यात कुठे लिहिलेलं नाही आणि बंदी आहे असंही नाही. म्हणजे आपण कुंपणावर बसलेलो आहोत, हे मान्य करून चाला. “पूर्ण कायदेशीर आहे, काही काळजी करू नका,” असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. “पोलीस येतील,” म्हणणाऱ्या आत्याबाईंवरही नाही.

मूल सहाच्या आतलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. नवीन पालकांनी शक्यतो याच वयात सुरुवात करून बघावी. दोन वर्षं जमलं तर पुढचा विचार, नाही जमलं तर पहिलीला प्रवेश घ्यायला वाट मोकळी. जवळच्या अंगणवाडीत नाव मात्र नोंदवून ठेवा. वजन-उंची, लसीकरण याची नोंद राहते आणि ताईंशी ओळख होते, जी पुढे फार कामाला येते.

परत शाळेत जायचं झालं तर? त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळायला हवा, आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणीही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे दार उघडं आहे हे माहीत असलं की रात्री झोप लागते.

परीक्षेच्या वाटा तीन आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे जिला एनआयओएस म्हणतात, तिच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत: ए म्हणजे तिसरी, बी म्हणजे पाचवी, सी म्हणजे आठवी. त्यांची दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते. दुसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची, तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. तिसरी आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातली, राज्य मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. लहान मुलांच्या आईबापांनी आज यातलं काहीच भरायचं नाहीये. फक्त एक करा: ‘प्रवेश करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. नियम आणि फी त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर वाचा.

दुसरी पायरी: पहिला महिना काहीही विकत घेऊ नका

माझे अठराशे गेले, तुमचे वाचवा.

महिनाभर फक्त बघा. मूल कधी पेंगतं, कधी अंगात येतं, कशावर पंधरा मिनिटं टिकतं, कशावर दोन. एका जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहा. आमच्या धाकट्याबद्दल मला वाटायचं की तो एका जागी बसतच नाही. वहीत बघितलं तर मशीनच्या डब्यातली बटणं वेगवेगळी लावायला तो सलग चाळीस मिनिटं बसला होता. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, आणि ‘हे कुणातच बसत नाही’ अशी हुकांची तिसरी रास. वर्गीकरण म्हणजे दुसरं काय असतं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात गेला, तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. परदेशी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारीच नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवर काम चाललं. मी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. आमचं शिवणाचं मशीन, रेशनचा तांदूळ आणि सासूबाईंची चिंचोक्यांची पिशवी एवढ्यावर बालवाडी निघू शकते तर.

महिन्यानंतर मग यादी करा. आमची अशी होती: खडू आणि एक पाटी, दोन चौकटीच्या वह्या, दोन एकेरी, मेणाचे रंग, बोथट कात्री, फेविकॉल. पावसाळ्यात गणपतीच्या कारखान्यातून थोडी शाडूची माती. पाठकोरे कागद रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात, आणि जुन्या दिनदर्शिकेची पानं तर सोन्यासारखी. मोठे आकडे आयते असतात, उलट्या बाजूला चित्रं काढता येतात.

तिसरी पायरी: वेळापत्रक घड्याळावर नको, घरावर बेता

मी आधी शाळेसारखं केलं होतं. नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी नवऱ्याची रात्रपाळी लागली, तो सकाळी आठला येऊन झोपला आणि त्याच्या उशाशी बसून आम्ही कुजबुजत पाढे म्हणत होतो. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, “तीन सत्ते एकवीस, आता बास.”

तेव्हापासून आमचा आठवडा शिफ्टवर चालतो. पहिली पाळी असली की सकाळी सातला तो जातो आणि घर आमचं. साडेदहा ते बारा पक्का अभ्यास. दुसरी पाळी असली की दुपारी अडीचपर्यंत तो घरी असतो. त्या आठवड्यात गणित त्याच्याकडे आणि मी सकाळी शिवणाची कामं उरकते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी नऊ ते बारा मुलं घरात नकोतच. मग आम्ही बाहेर पडतो. कुठे, ते पुढे सांगते.

बसून करायच्या अभ्यासाला किती वेळ लागतो? पाच वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटं, तीही दोन तुकड्यांत. आठ वर्षांच्या मुलीला तास-सव्वा तास. यापेक्षा जास्त ताणलं तर मूल नाही, आपण चिडतो. “शाळेत सहा तास असतात आणि तुमचं तासात कसं उरकतं?” असं शेजारीण विचारते. शाळेत एका बाईंसमोर चाळीस असतात, इथे दोनच, एवढं सांगून मी विषय बदलते.

चौथी पायरी: वाचन, रेल्वेच्या कृपेने

अआइई क्रमाने शिकवायच्या भानगडीत पडू नका. ‘अ अननसाचा’ म्हणेपर्यंत ठीक, पण बावन्न अक्षरं पाठ झाली तरी मूल एकही शब्द वाचत नाही, आणि मग ते कंटाळतं. क, न, म, र, ल, प आणि एक काना एवढंच घ्या. काका, मामा, नाना, नाक, कान, पान, लाल, पाल, काम, राम. पहिल्या आठवड्यातच ‘मामा लाल पान’ असलं काहीतरी वाचून मूल खदखदून हसतं, आणि त्या हसण्यावर पुढचे दोन महिने निघतात. मग वेलांट्या, मग पुढचा अक्षरांचा गट. जोडाक्षरं अगदी शेवटी.

वाचायला आमच्याकडे सगळ्यात मोठं पुस्तक आहे ट्रान्सहार्बर लाइन, म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या स्टेशनांच्या पाट्या. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. थोरलीला सहाव्या वर्षी ‘ण’ काही केल्या लक्षात राहत नव्हता. वहीत वीस वेळा काढून झाला, तरी दुसऱ्या दिवशी ‘न’. एकदा ठाण्याहून परत येताना तिला सांगितलं, खिडकीत बस आणि ‘ण’ दिसला की मला चिमटा काढ. ठाण्याला एक, घणसोलीला एक, कोपरखैरण्याला उतरता उतरता एक. मधली स्टेशनं कोरडी गेली. रबाळ्याला तिने ‘ळ’ला बघून हात उचलला होता, पण स्वतःच खाली घेतला. उतरल्यावर ती फलाटावरच थांबली. म्हणाली, “आई, ऐरोलीतला ‘ऐ’ आणि आपल्या खैरणेतला ‘खै’, दोघांच्या डोक्यावर सारखंच काहीतरी आहे का गं?” स्वर आणि त्याची मात्रा यांचं नातं मी तिला शिकवलंच नव्हतं. पाच मिनिटं आम्ही बोर्डाखाली उभ्या होतो. ‘ऐ’च्या डोक्यावर एक मात्रा, ‘खै’च्या दोन, मग सारखं कसं? त्यावर आमची घरी येईपर्यंत चर्चा चालली.

तिकिटाचं म्हणाल तर पाचच्या आतल्या मुलाला लोकलला तिकीट लागत नाही, पाच ते बारा अर्धं. एवढ्या पैशांत एवढं मोठं वाचनपुस्तक दुसरं नाही. पण गर्दीच्या वेळी जाऊ नका. साडेअकरानंतर डबे मोकळे असतात.

सासूबाई असतात तेव्हा भाषेचा तास त्यांचा. त्यांना वाचता येत नाही. पण रात्री दिवा मालवल्यावर कोडी घालतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.’ ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.’ धाकट्याला चांदण्या आणि चंद्र लगेच आले, जिभेला दोन रात्री लागल्या. मग त्याने स्वतः एक केलं: ‘डब्यात डबा, डब्यात माणसं, दार आपोआप.’ उत्तर एसी लोकल. तुमच्या घरी आजी असेल तर तिला ‘शिकवा’ असं म्हणू नका, लाजते. नुसतं मुलांना तिच्या अंथरुणात पाठवा.

पाचवी पायरी: गणित, आणि मोडलेली जुडी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपण बहुतेक जण इथेच घाबरतो.

खराट्याचे हीर घ्या, बोटभर लांबीचे सारखे तुकडे करा, शंभरेक. दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधा. इतकंच साहित्य. एकक-दशक शिकवायला याहून चांगलं मी पाहिलेलं नाही.

बेचाळीसमधून सतरा वजा करायचे होते. थोरलीने चार जुड्या आणि दोन सुट्या मांडल्या. दोनातून सात जात नाहीत. “एक जुडी सोड,” म्हटलं. तिने जुडी छातीशी धरली. “सोडली तर बेचाळीस राहणार नाहीत.” मी शाळेत असताना आम्हाला सांगायचे, ‘शेजारून दहा उसने घे.’ मी घेतले, परत कधी केले नाहीत, आणि का घेतले ते दहावीपर्यंत कळलं नाही. म्हणून मी गप्प बसले. तिने शेवटी रबर काढलं, तीन जुड्या आणि बारा सुट्या समोर ठेवल्या आणि सगळं मोजलं. बेचाळीस. पुन्हा मोजलं. परत बेचाळीस. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हे म्हणजे भाजीवाल्याकडे सुट्टे करण्यासारखं आहे.” त्या दिवशी वजाबाकी पूर्ण झालीच नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर पंचवीस आलं, आणि आमच्याकडे ‘हातचा’ हा शब्द जाऊन ‘सुट्टे’ आला तो कायमचा.

मराठी आकड्यांच्या नावांचं एक दुखणं आहे, त्याकडे लक्ष ठेवा. ‘त्रेसष्ट’ ऐकलं की तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणसाठ’ला तर साठच लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली. मीही हसले होते. घरी मूल शिकवायला बसल्यावर हसू ओसरलं. आता आम्ही दोन्ही म्हणतो: “साठ आणि तीन, त्रेसष्ट.” सहा महिन्यांत पहिला भाग आपोआप गळून पडतो.

बाकी गणित घरातच सांडलेलं असतं. माझी शिवणाची टेप, दीडशे सेंटिमीटरची. बाहीचं माप, छातीचं माप, निम्मं, पाव. सासूबाईंचे सागरगोटे. सापशिडी दोन फाशांनी खेळा, बेरीज होते. पन्नास रुपये देऊन कोथिंबीर-लिंबू आणायला पाठवा आणि उरलेल्या पैशांचा हिशेब तोंडी मागा. एकदा धाकटा दहा रुपये जास्त घेऊन आला आणि ते परत द्यायला पुन्हा चार मजले खाली उतरला. तो अभ्यास कुठल्या विषयात लिहायचा हे मला वहीत सुचलं नाही.

सहावी पायरी: पुस्तकं

बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण सगळं पुस्तक प्रिंट काढायला जाऊ नका. झेरॉक्सवाल्याचं बिल छापील पुस्तकाच्या किमतीच्या वर जातं, हे मी करून बघितलंय. ज्या चार पानांवर लिहायचंय तेवढीच काढा. नाहीतर मे महिन्यात सोसायटीतल्या मुलांची वापरलेली पुस्तकं मागून ठेवा. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतोय, पण लहान मुलांना गोष्ट जुनी की नवी याने फरक पडत नाही.

‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने नेटवर मोफत ठेवलेत. थोरली त्यातली कोडी सोडवते. मी मात्र जुन्या जाहिराती बघत बसते. स्टोरीवीव्हर या साइटवर प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी पातळीवार लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीत पानावर एखादं वाक्य. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओ आहेत, मराठीतही. आठवड्याला एक करा, जास्त नको. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अॅपवर चालतात. आमच्याकडे एकच फोन आहे आणि तो नवऱ्याबरोबर कंपनीत जातो, त्यामुळे स्क्रीनचं भांडण आपोआप मिटलं. गरिबीचे काही फायदे असतात.

वाचनालयाचं सभासदत्व मात्र घ्याच. ठाण्यात राहत असाल तर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. नवी मुंबईत आपल्या नोडमध्ये, म्हणजे आपल्या उपनगरात, पालिकेचं किंवा एखाद्या मंडळाचं काय आहे ते चौकशी करून बघा.

सातवी पायरी: रात्रपाळीचा आठवडा, म्हणजे बाहेरची शाळा

सकाळी घरात आवाज करायचा नसतो, त्यामुळे आम्हाला हे भाग पडलं. आता तोच आमचा सगळ्यात चांगला आठवडा असतो.

कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान एकेकाळच्या डंपिंगवर उभं आहे. मुलांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “मग कचरा कुठे गेला?” पायाखाली आहे म्हटल्यावर धाकटा अर्धा तास उड्या मारून बघत होता.

नवी मुंबईतले होल्डिंग पाँड दाखवा. आपलं शहर खाडीकाठची सखल जमीन भराव घालून उठवलेलं आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी खाडीत जाऊ शकत नाही. मग ते या तळ्यांत थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर पडतं. घरी परातीत करून दाखवता येतं: परातीत खाडी, वाटीत तळं, मध्ये चिंधीचं दार. भूगोलाचा हा धडा कुठल्याही पुस्तकापेक्षा जवळचा आहे, कारण जुलैत गुडघाभर पाण्यातून आपणच चाललेलो असतो.

भरती-ओहोटीसाठी वाशीच्या खाडीपुलावरून लोकलने जा. दिनदर्शिकेत अमावास्या-पौर्णिमा बघून एकदा, अष्टमीला एकदा. पाणी कुठवर आलंय त्याचं चित्र काढायला लावा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे थोरलीने तीन दिवसांच्या नोंदींवरून जवळजवळ पकडलं होतं. जवळजवळ म्हणते, कारण तिसऱ्या दिवशी आम्ही झोपून राहिलो.

थंडीपासून मेपर्यंत रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. ऐरोलीहून बोटीची फेरी असते, पण चौघांची तिकिटं आमच्या बजेटबाहेर. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीच्या काठावर उभं राहून फुकट दिसतात. ते गुलाबी का, तर खातात त्या शेवाळातल्या आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतल्या रंगद्रव्यामुळे. यावर धाकट्याने महिनाभर बीट मागितलं आणि रोज आरशात बघितलं.

ठाण्याला गेलात तर तलावपाळीवर भेळ खाताना एवढंच सांगा की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटून इथेच आली होती. चौतीस किलोमीटर. बाकीचं मुलं विचारतात.

आठवी पायरी: सोबत

“मुलं एकलकोंडी होतील,” हे तुम्हाला प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल. त्यात तथ्य आहे. अकरा ते चार कॉलनीत चिटपाखरू नसतं, आणि पहिल्या वर्षी आमची मुलं खरोखर कंटाळली. माझी ती चूकच झाली. मी अभ्यासाचा विचार केला, सवंगड्यांचा नाही.

उपाय जवळच होता. पालिकेच्या बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. दुपारच्या सत्राची मुलं सकाळी मोकळी असतात. आमच्या बिल्डिंगमधली तशी दोघं-तिघं आता सकाळी नऊला येतात. लगोरी, पकडापकडी, मग दहा मिनिटं गोष्टीचं वाचन, माझ्या हातचे पोहे. त्यांच्या आयांना तासभर मोकळा मिळतो, त्या बदल्यात एकजण माझ्या मुलांना शनिवारी तिच्या मुलांबरोबर मैदानावर नेते. पैशांची देवाणघेवाण नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांनी तर अशी दोन-तीन घरं गाठल्याशिवाय सुरुवातच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याने हे ओढायला गेलात तर मार्चपर्यंत घरात कुणीच कुणाशी नीट बोलत नाही.

नववी पायरी: वही आणि फाइल

रोज दोन ओळी लिहायची ती वही बंद करू नका. तारीख, काय वाचलं, काय मोजलं, कुठे गेलो. महिन्यातून एकदा मुलाच्या हातचं एक पान तारीख घालून फाइलला लावा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतात. आमच्याकडे आले तेव्हा मी आधी घाबरून दाराआडच उभी राहिले. मग सरांना पाणी दिलं आणि वही पुढे केली. त्यांनी थोरलीला वाचायला सांगितलं, तिने वाचलं. त्यांनी नोंद केली ती केलीच, ते त्यांचं काम आहे, वाद घालायचा नाही. पण जाताना त्यांनीच कोणत्या शाळेत कुणाला भेटायचं ते सांगितलं.

दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघं बसतो आणि मुलांना विचारतो, शाळेत जायचंय का. यंदा धाकटा हो म्हणाला. त्याला डबा न्यायचाय. म्हणून त्याला जूनमध्ये पालिकेच्या शाळेत बालवाडीत घालतोय. थोरली घरीच. तुमच्याकडेही असं होऊ शकतं, त्यामुळे फाइलच्या पहिल्या खिशात जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि पासपोर्ट साइज फोटो ठेवा. झेरॉक्स मेच्या पहिल्या आठवड्यातच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात दुकानासमोर अख्ख्या सेक्टरची रांग असते.